पक्ष्यांचा किराणा

नवीन घरात आलो तो पहिलाच हिवाळा. शेजारच्या आजीबाई लायलॅकच्या झुडपापाशी उभ्या होत्या (इथे अमेरिकेत कुंपण नसतंच बहुतेक ठिकाणी, आमच्या दोन घरांमधली हद्द म्हणजे ते झुडूप), मला म्हणाल्या, तुझ्या मागच्या अंगणात गोल्डफिंच पक्षी यायला हवे असतील तर नायजर आण, बाकी काही करू नकोस. मी मान डोलावली. नायजर म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली. शनिवारी पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात जाऊन एक छोटी पिशवी उचलली, घरी येऊन कात्रीने कोपरा कापला, दाणे हातावर ओतले आणि किचनमध्ये उभी राहून एकटीच मोठ्याने हसायला लागले. काळे, चकचकीत, बारीक, लांबट. कारळे! अहो, सरळ सरळ कारळे, ज्याची चटणी माझी आई जवस आणि तिळाच्या बरणीशेजारच्या बरणीत भरून ठेवते.

आमच्याकडे या दाण्याला दोन नावं होती, कारण आईचं माहेर बार्शीचं आणि सासर नाशिकचं. बार्शीला कारळे, नाशिकला खुरासणी. लहानपणी बाबांच्या स्कूटरवरून पेठ-हरसूलच्या बाजूला गेलो की गणपतीनंतरच्या दिवसांत डोंगरउतार पिवळेधमक दिसायचे, मला वाटायचं कोणीतरी मुद्दाम फुलं लावलीत, बाबा म्हणायचे खुरासणी आहे, तेल काढतात. ते तेलाचं बी मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या एका सबर्बमध्ये, बर्फ पडत असताना, एका पक्ष्यासाठी मी डॉलर मोजून विकत आणलं होतं. आणि स्वस्त नव्हतं हो. घरी हिशोब सांगितला नाही.

मग मागे लागून वाचलं. हे बी अमेरिकेत बाहेरून येतं, मुख्यतः इथिओपिया आणि भारतातून, आणि नुसतं येत नाही तर १२० अंश सेल्सियसला १५ मिनिटं तापवावं लागतं असा सरकारी नियम आहे, कारण त्याच्यात तणाचं बी मिसळून येतं, विशेषतः अमरवेल, आणि ती इथल्या शेतात घुसायला नको. पंधरा मिनिटं १२० अंशावर. म्हणजे अर्धी चटणी बोटीवर चढण्याआधीच झाली म्हणायची. एक दिवस राहवलं नाही, मूठभर दाणे लोखंडी तव्यावर टाकले. नवरा म्हणाला, हे माणसांनी खायचं नाहीये, पिशवीवर लिहिलंय. म्हटलं खात नाही, नुसतं भाजतेय. दोन मिनिटांत घरभर वास, आणि मग काय, गॅस बंद करून पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. खाल्ली नाही चटणी. थंड झाल्यावर दाणे बाहेर नेऊन टाकले. भाजलेले कारळे त्या दिवशी कोणी खाल्ले ते माहीत नाही.

तेव्हापासून पक्ष्यांच्या खाद्याचं दुकान हे माझ्यासाठी किराण्याचं दुकान झालंय. इंडियन ग्रोसरीत गेलं की मी यादी बघून भराभर उचलते आणि निघते, पण इथे रेंगाळते. आधी सूर्यफूल, काळ्या सालीचं, ते सगळ्यांचंच आवडतं. मग शेंगदाणे, सोललेले आणि टरफलासकट, दोन्ही. मग पांढरं बारीक धान्य, वरईचं भावंड शोभेल असं, जुंको नावाचे करडे पक्षी ते जमिनीवर उड्या मारत मारत वेचतात. मग सॅफ्लॉवर. सॅफ्लॉवरची पिशवी पहिल्यांदा बघितली आणि परत तेच, अगं बाई ही तर करडई! पांढरे टपोरे चार कंगोऱ्यांचे दाणे. बार्शीला आजोबा ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरायचे, काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत म्हणून. इथे तिचं काम अगदी तेच आहे, फक्त गुरांच्या जागी खारी आणि चिमण्या. साल जाड, चव कडू, त्यामुळे खारी तोंड वाकडं करतात, चिमण्याही फारशा जात नाहीत, आणि कार्डिनल नावाचा पक्षी मात्र आपल्या त्या जाडजूड नारिंगी चोचीने फटाफट फोडून खातो. आजोबांचं कुंपण, पक्ष्यांना दाणे घालायच्या सहा इंची फीडरमध्ये.

आणि ज्वारी. ही गोष्ट आईला सांगायला मला दोन वर्षं लागली. इथे सगळ्यात स्वस्त जे मिक्स मिळतं त्यात लाल ज्वारी घातलेली असते, वजन वाढवायला. मायलो म्हणतात. आमच्या अंगणातले पक्षी चोचीने ते मिक्स उडवतात, हवं ते घेतात आणि ज्वारी खाली फेकून देतात. खाली तिचा खच पडतो. जिच्या माहेरी मालदांडीशिवाय दुसऱ्या ज्वारीला ज्वारी म्हणत नाहीत त्या बाईला हे कसं सांगायचं? शेवटी सांगितलं. आई क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "लाल आहे ना? मग नाहीच खाणार ते."

खारींचं वेगळंच. करडई त्या खात नाहीत पण सूर्यफुलाचा फीडर म्हणजे त्यांच्या बापाची इस्टेट. इथल्या खारी आपल्यासारख्या नाजूक पट्टेवाल्या नाहीत, चांगल्या मांजराच्या पिल्लाएवढ्या करड्या धटिंगण. आजीबाईंनी उपाय सांगितला, तिखट. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, सस्तन प्राण्यांना जाणवतो. मी खूश झाले, म्हटलं हे खातं आपल्याकडे भक्कम आहे. पहिल्या वेळी घरात होती ती ब्याडगीची पूड घातली. खार आली, खाल्लं, दुसरीला बोलावून घेऊन आली. ब्याडगी नुसती रंगाला, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग लवंगी मिरची काढली, आणि त्या दिवशी वारा होता. पुढचं सांगत नाही, डोळे धुवायला अर्धा तास लागला. आता मी तयार तिखट लावलेले दाणे विकत आणते. कोरडी पूड कोणी टाकू नका, वाऱ्याने पक्ष्यांच्याही डोळ्यात जाते.

बागेचं म्हणाल तर इथे बाग ही मुळात बेसमेंटमध्ये सुरू होते. बाहेर दोन फूट बर्फ असतो, होळीच्या पोळ्या झालेल्या असतात, आणि आम्ही खाली ग्रो लाइटखाली (रोपं वाढवायचे दिवे) टोमॅटो-मिरच्यांचं बी ट्रेमध्ये टाकतो. आई फोनवर विचारते आळी केलीस का, कारण तिच्याकडे अक्षय्य तृतीयेला अंगणात आळी करून दोडका-कारल्याचं बी टोचायचं हे ठरलेलं. अक्षय्य तृतीयेला माझ्याकडे जमीन जेमतेम मोकळी झालेली असते. मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे इथला मदर्स डे, त्याच्या आधी टोमॅटो बाहेर लावणारा माणूस एक तर नवीन असतो नाही तर जुगारी. मी दोन्ही होते. पहिल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस उन्हाळा आल्यासारखं झालं, मी अठरा रोपं लावून मोकळी झाले, आणि पाचव्या रात्री दव गोठलं. सकाळी उकडलेल्या पालकासारखी पानं. आता मी मेच्या शेवटच्या सोमवारपर्यंत थांबते, तोवर रोपांना रोज थोडा थोडा वेळ बाहेर नेऊन आणते, पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, अगदी तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात नेतात तसं. मृग निघतो तेव्हा माझे टोमॅटो जेमतेम वीतभर.

पण मग जूनमध्ये साडेपंधरा तास उजेड असतो. मेथी तर डोळ्यांदेखत वाढते आणि तितक्याच घाईने फुलावर येते. भेंडी होते, दुधी होतो, कारली ज्या वर्षी मूड असेल त्या वर्षी. कढीपत्ता कायम कुंडीत, सप्टेंबरमध्ये आत आणि जूनमध्ये बाहेर, त्याच्या नशिबात कायमचं घर नाही. सप्टेंबरच्या शेवटी पहिली थंड रात्र येणार असं कळलं की मी जुन्या साड्या काढते आणि टोमॅटोंवर घालते, आजीबाई म्हणतात तुझी बाग त्या रात्री फार सुंदर दिसते. मग एक दिवस साड्यांनीही भागत नाही, सगळे हिरवे टोमॅटो काढायचे, निम्मे वर्तमानपत्रात गुंडाळायचे, निम्म्यांची चटणी. ऑक्टोबरमध्ये लसूण लावायचा आणि त्याच्यावर पेंढा टाकून विसरून जायचं. पाच महिने बर्फाखाली राहून तो एप्रिलमध्ये वर येतो. मला सगळ्या बागेत जास्त आदर कोणाचा वाटत असेल तर त्या लसणाचा.

नाही, लसणाचा आणि चिकडीचा. चिकडी म्हणजे चिमणीपेक्षाही लहान, काळी टोपी, पांढरे गाल, वजन साधारण ११ ग्रॅम. आणि हा अकरा ग्रॅमचा प्राणी हिवाळ्यात कुठेही जात नाही. ३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसला पारा उणे ३३ सेल्सियसवर गेला होता, शाळा बंद, पोस्टसुद्धा बंद, आम्ही खिडकीला ब्लँकेटं लावून बसलेलो, आणि सकाळी साडेआठला फीडरवर चिकडी. एक दाणा घ्यायचा, फांदीवर जायचं, दोन पायांत धरून ठोकून फोडायचा, खायचा, परत यायचं. रात्री ती आपल्या अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणते, म्हणजे जवळपास शेगडी बारीक करून झोपते, आणि दिवसा शेकडो ठिकाणी एकेक दाणा लपवून ठेवते, सालीच्या फटीत, वाळक्या पानाखाली, आणि तिला आठवतंही कुठे ठेवलाय ते. शरद ऋतूत तिच्या मेंदूतला आठवणींचा भाग वाढतो म्हणे. मी बेसमेंटमध्ये जाते आणि कशाला आले ते विसरते.

तिच्यामुळे मी फवारणी बंद केली. एक घरटं वाढवायला चिकडीच्या जोडीला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, डेलावेअर विद्यापीठातले डग टॅलमी हा हिशोब नेहमी सांगतात. दाणे आपण देतो ते मोठ्यांचे लाड, पिल्लं अळ्यांवरच वाढतात. (गोल्डफिंच अपवाद, ते पिल्लांनाही बियाच भरवतात, म्हणून तर घरटंच उशिरा करतात, जुलै-ऑगस्टमध्ये, बियांचा हंगाम बघून.) हे कळल्यावर सिमला मिरचीचं भोक पडलेलं पान बघून पूर्वीसारखा संताप येत नाही. टोमॅटोवरची बोटाएवढी हिरवी शिंगवाली अळी दिसली तर मात्र येतो. शेवटी मी काही संत नाही.

आता चिमणीचं सांगायलाच हवं, कितीही टाळलं तरी.

आपली चिमणी, घरात फोटोमागे घरटं करणारी, एक घास चिऊचा मधली, ती इथे आहे. भरपूर आहे. १८५१ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडली आणि बघता बघता सगळ्या देशात पसरली. इथल्या मूळच्या बहुतेक पक्ष्यांना १९१८ च्या कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचं अंडी-पिल्लं असलेलं घरटं हलवलं तरी गुन्हा. चिमणीला ते नाही. इन्व्हेजिव्ह, म्हणजे बाहेरून घुसलेली. हा शब्द कोणी उच्चारला की माझे खांदे आपोआप आवळतात, जाऊ दे. मुद्दा असा की ब्लूबर्ड म्हणून एक निळा, तांबूस छातीचा, अतिशय शांत पक्षी आहे, तो झाडाच्या ढोलीत किंवा लाकडी पेटीत घरटं करतो, आणि चिमणी ती पेटी बळकावते, पिल्लांना टोचून मारते, कधी कधी मोठ्या पक्ष्यालाही. आजीबाईंनी मला एकदा मेलेली मादी दाखवली होती, डोकं फुटलेलं. चिऊचं घर मेणाचं होतं आणि कावळ्याचं शेणाचं, पाऊस आला, दार उघड चिऊताई, ही गोष्ट ऐकत मी मोठी झालेय. दार न उघडणारी चिऊताई मला माहीत होती. आत शिरून दुसऱ्याला मारणारी नव्हती.

आणि मी नाशिकची. जागतिक चिमणी दिन २० मार्चला असतो, २०१० पासून, आणि तो सुरू करणारे मोहम्मद दिलावर आमच्या नाशिकचे. आईने गॅलरीत दोन लाकडी पेट्या लावल्यात, त्यातल्या एकीत चिमण्यांनी घर केलं त्या दिवशी तिने सगळ्या नातेवाईकांना व्हिडिओ पाठवला होता. दर २० मार्चला तिचा मेसेज येतो, चिमणीसाठी पाणी ठेवलंस का. खिडकीबाहेर पाणी ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्याची वीट होते हे तिला माहीत आहे, तरी विचारते.

तीन वर्षांपूर्वी मेमध्ये आजीबाई लेकीकडे गेल्या आणि त्यांची ब्लूबर्डची पेटी दोन दिवसांनी एकदा बघायचं काम मला देऊन गेल्या. तिसऱ्यांदा उघडली तर आत गवत, पिसं, प्लॅस्टिकचा एक तुकडा, आणि ठिपक्यांची चार अंडी. ब्लूबर्डची अंडी निळी असतात. ही आपली होती. काय करायचं ते मला सांगून ठेवलेलं होतं, सगळं घरटं काढून पिशवीत घालायचं, दोन मिनिटांचं काम. मी दार लावलं आणि घरी आले. दोन दिवसांनी परत गेले, उघडलंच नाही, बाहेरून नर चिवचिवत होता, तोच आवाज, डोळे मिटले असते तर नाशिकच्या घराचा जिना. आठ दिवस मी काही केलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. आजीबाई परत आल्या, पेटीपाशी गेल्या, पिशवी घेऊन बाहेर आल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या वर्षी पेटीत ब्लूबर्ड आला नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही, आणि तिने हे वाचलं तर आता कळेल.

मी चुकले असं मला वाटतं, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर हात उचलेल याची खात्री अजून नाही. एवढंच केलं की माझ्या फीडरमधलं स्वस्त मिक्स बंद केलं, करडई वाढवली.

गांडुळांचंही असंच, पण ते मी सहन केलं, गांडुळांवर कोणी बडबडगीतं केलेली नाहीत. शेतकऱ्याचा मित्र वगैरे आपण शाळेत शिकलो. मिनेसोटात मात्र हिमयुगातल्या बर्फाने जमीन अशी घासून काढली की मूळचं गांडूळच उरलं नाही. आज आहेत ती सगळी बाहेरून आलेली, आणि जंगलात ती पाचोळ्याचा थर इतक्या वेगाने संपवतात की खालची रानफुलं आणि कोवळी रोपं तगत नाहीत. म्हणून मासेमारीचं उरलेलं आमिष जंगलात टाकू नका असं इथे सांगतात. मार्चच्या शेवटी रॉबिन परत येतात (आपला चिरक-दयाळ नव्हे, हा कस्तुराच्या घरातला, विटकरी छातीचा), लॉनवर मान तिरकी करून उभे राहतात आणि गांडूळ खेचून काढतात. मला ते बघायला आवडतं, बाकी मी विचार करत नाही.

तर करडई. गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात लसणाच्या वाफ्यात, फीडरपासून चांगल्या पंधरा फुटांवर, पाच-सहा रोपं उगवली होती. लांबट, कडेला बारीक दातेरी पानं, फिकट हिरवी. फीडरच्या खाली सूर्यफुलाच्या टरफलांमुळे फारसं काही उगवत नाही, त्यामुळे मला संशय आला नाही, म्हटलं काहीतरी काटेरी तण, सवयीने उपटायलाच लागले होते. आई व्हिडिओ कॉलवर होती, फोन टोमॅटोच्या काठीला टेकवून ठेवलेला.

"थांब थांब, काय उपटतेयस? कॅमेरा खाली कर."

केला.

"अगं वेडे, करडई आहे ती! तुला दिसत नाही? कोवळी आहे तोवर खुड, काटे धरले की संपलं."

मग ट्यूब पेटली. चिपमंक नावाची इथली छोटी पट्टेवाली खार गालफडं भरभरून दाणे नेते आणि मऊ माती दिसेल तिथे पुरते, आणि सगळ्यात मऊ माती माझ्या लसणाच्या वाफ्याची. किंवा चिकडीने ठेवला असेल एकेक दाणा, तिलाही कधीतरी विसरायला होत असेल. कोणीतरी आमच्याकडे करडई पेरली होती, एवढं खरं.

शेंडे खुडले. नवरा म्हणाला पक्ष्यांचं बी आहे, वर काय काय पडलं असेल. तीनदा धुतले, मिठाच्या पाण्यात ठेवले. लसूण त्याच वाफ्यातला, अजून ओला. भिजवलेली मुगाची डाळ, हिरवी मिरची, बस. पातेलंभर दिसणारी पानं आळून मूठभर झाली. आई फोनवर अजून होतीच, तिने विचारलं केवढी झाली, मी पळी कॅमेऱ्यासमोर धरली.

"एवढ्याशा भाजीला ते एवढं मोठं पातेलं कशाला घेतलंस?"

भाकरी फ्रीजरमधल्या पिठाची. नवऱ्याने एकच घास घेतला, मग दुसरा घेतला, मग म्हणाला बाहेर अजून आहे का. एक रोप मी ठेवलं होतं, ते ऑगस्टमध्ये फुललं, आधी पिवळं, मग शेंदरी, गुडघ्याच्या वर आलं आणि चांगलं टोचायला लागलं. साड्या घालायच्या रात्री त्याच्यावर काही घातलं नाही. बोंडं वाळली तशीच उभी होती, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फात एक गोल्डफिंच, हिवाळ्याचा मळकट शेवाळी रंग धरलेला, त्या काट्यांमध्ये उलटा लटकून दाणा ओढत होता. शेजारी कारळ्यांचा फीडर पूर्ण भरलेला.